मातृभाषेचा रकाना आणि गोंडी

‘राष्ट्रीय संस्कृती’ हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. पाठ्यपुस्तकापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत तो सगळीकडे भेटतो आणि ‘विविधतेत एकता’ हे शेपूट त्याला बहुधा जोडलेले असते. या संस्कृतीत आदिवासी कुठे आहे असे विचारले, तर उत्तर तयार असते. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तो आहे. त्याच्या गळ्यात ढोल आहे, डोक्यावर रानगव्याची शिंगे आहेत. तो नाचतो आहे. तो बोलताना मात्र दाखवीत नाहीत. बोलला तर कोणत्या भाषेत बोलेल, हा प्रश्न त्या चित्ररथावर बसत नाही.

हा प्रश्न मला गोंडी भाषेच्या निमित्ताने मांडायचा आहे. मी गडचिरोली जिल्ह्यात तीसहून अधिक वर्षे शिक्षक होतो. यांतली पहिली काही वर्षे, गोंडी ही मराठीची कुठलीशी रानटी बोली आहे अशी माझी समजूत होती. ती मला कुणी मुद्दाम शिकवली नव्हती. अध्यापक विद्यालयात गोंडीचे नावच कुणी घेतले नव्हते. ज्याचे नाव घेतले जात नाही ते क्षुल्लक असणार, एवढे माणूस आपोआप शिकतो.

१९८५ साली मी तिथे रुजू झालो. जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला होता. गाव चाळीसेक घरांचे, सगळी गोंडांची. पहिल्याच आठवड्यात वर्गात चित्रांचा तक्ता लावला. विहिरीच्या चित्राकडे बोट दाखवून विचारले, “यात काय असते?” पुढच्या रांगेतला मुलगा म्हणाला, “येर.” मी म्हणालो, “चूक. पाणी म्हण.” तो पुन्हा म्हणाला, “येर.” मला वाटले तो चेष्टा करतो आहे. मी त्याच्या तळहातावर पट्टी मारली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्याची आजी आली. तिला मराठी तोडकेमोडके येत होते. “गुरुजी, पोरगा येर म्हन्ला म्हनून मारला का? आमी तेच पितो.” एवढे बोलून ती निघून गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळले नव्हते की पोराचे चुकले काय.

या प्रसंगाला एक अंगची बाजू आहे आणि ती लपवणे बरोबर नाही. मी पूर्व विदर्भातल्या एका बौद्ध कुटुंबात वाढलो. आमच्या घरी ‘पानी’ म्हणत, ‘कोन’ म्हणत. शाळेत ‘ण’ उच्चारता येईना म्हणून मला बाकावर उभे केले होते आणि सगळा वर्ग हसला होता. ते हसू मी विसरलो नव्हतो. तरीही पट्टी माझ्या हाती आल्यावर मी तेच केले. ‘पानी’चे ‘पाणी’ करण्यात मी इतका खर्ची पडलो होतो की ‘पाणी’ हेच जगातले एकमेव बरोबर उत्तर आहे असे मला वाटू लागले होते.

आता गोंडी म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. कार्यकर्त्यांच्या शिबिरांतूनसुद्धा मी ‘गोंडी बोली’ असा उल्लेख ऐकतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मराठी, हिंदी, बंगाली या आर्यभाषा कुळातल्या. गोंडी ही द्राविड कुळातली, म्हणजे तेलुगू, कन्नड, तमिळ यांची बहीण. गोंडीत एक ते पाच मोजा : उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग. शेजारी तेलुगू ठेवा : रेंडु, मूडु, नालुगु. गोंडीत झाडाला ‘मरा’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘मर’. ज्या ‘येर’साठी मी मुलाला मारले त्याचा सख्खा भाऊ तेलुगूत ‘एरु’ म्हणून आहे आणि त्याचा अर्थ ओढा, नदी. व्याकरणही वेगळे. मराठीत तीन लिंगे आहेत. गोंडीत पुरुष हा एक वर्ग आणि बाकीचे सगळे, म्हणजे बाई, गाय, दगड, दुसऱ्या वर्गात. (हे वाचून कुणी गोंडांना नावे ठेवण्याची घाई करू नये, तेलुगूतही एकवचनात असेच आहे आणि तिला कुणी मागास म्हणत नाही.) हे सारे काही नवे संशोधन नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६ साली, गोंडीची नोंद द्राविड भाषांमध्ये झालेली आहे. मी १९८५ साली तिला मराठीची बोली समजत होतो. ज्ञान उपलब्ध असते, पण ते शिक्षकापर्यंत पोहोचवण्याची गरज कुणाला वाटत नाही.

आणखी एक. ‘गोंड’ हे नाव इतरांनी दिलेले आहे. ते स्वतःला ‘कोया’ किंवा ‘कोयतोर’ म्हणतात. दुसऱ्याने दिलेल्या नावाने ओळखले जाणे म्हणजे काय, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आता संख्येकडे येऊ. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाख ८४ हजार लोक आहेत. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. त्यांपैकी नेपाळी, सिंधी, डोगरी, कोकणी, मणिपुरी, बोडो आणि संस्कृत या सात भाषांचे भाषिक याच जनगणनेत गोंडीपेक्षा कमी आहेत. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४ हजार ८२१. या सात भाषा अनुसूचीत आहेत याला माझा विरोध नाही, संस्कृतलाही नाही. पण २०२० साली संसदेने कायदा करून संस्कृतची तीन केंद्रीय विद्यापीठे उभी केली, आणि तीस लाख गोंडी भाषिकांच्या मुलांना पहिलीचे पुस्तक त्यांच्या भाषेत मिळावे यासाठी आजही अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. या दोन गोष्टी एकाच देशात, एकाच ‘राष्ट्रीय संस्कृती’च्या नावाने घडतात. गोंडीपेक्षाही मोठी भिली. तिचे एक कोटीहून अधिक भाषिक आहेत. तीही अनुसूचीत नाही.

हे कसे झाले? संविधान सभेत हा प्रश्न निघालाच नाही असे नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये भाषेवरची चर्चा चालू असताना जयपालसिंग मुंडा यांनी अनुसूचीत मुंडारी, गोंडी आणि उरांव या तीन भाषा घालाव्यात अशी दुरुस्ती मांडली. आदिवासींच्या कितीतरी भाषांतून त्यांनी फक्त तीन निवडल्या होत्या, म्हणजे मागणी अगदी माफक होती. ती मान्य झाली नाही. अनुसूची १४ भाषांनी सुरू झाली. नंतर १९६७, १९९२ आणि २००३ साली तिच्यात भर पडली. २००३ मध्ये संथाली आणि बोडो आल्या. जयपालसिंगांच्या तीन भाषांपैकी एकही आजवर आलेली नाही. अनुसूचीत येण्यासाठी ताटकळणाऱ्या ३८ भाषांची यादी गृहखात्याकडे आहे, गोंडी त्या यादीत आहे.

अनुसूचीत येऊन काय मिळते, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. पोटाला भाकर मिळत नाही हे खरे. पण साहित्य अकादमीचे दार उघडते, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत त्या भाषेचे साहित्य विषय म्हणून घेता येते, अनुवादक लागतात, शिक्षक लागतात, पुस्तके छापावी लागतात. भाषा बोलणाऱ्याला नोकरी मिळू शकते असे एकदा दिसले, की आई मुलाशी ती भाषा बोलायला लाजत नाही.

दुसरा घाव भाषावार प्रांतरचनेचा. १९५६ साली राज्यांची फेररचना भाषेच्या तत्त्वावर झाली. मराठी भाषिकांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिले, त्या लढ्याचे मोल मी कमी करीत नाही. पण गोंडी भाषिकांचा सलग प्रदेश नकाशावर होता. चांदा, आदिलाबाद, बस्तर, बालाघाट, मंडला एकमेकांना लागून आहेत. ज्या तत्त्वाने तेलुगू आणि मराठी भाषिकांना राज्ये मिळाली त्याच तत्त्वाने गोंडांचा प्रदेश आंध्र, मुंबई (१९६० नंतर महाराष्ट्र), मध्य प्रदेश आणि ओरिसा यांच्यात विभागला गेला. प्रत्येक राज्यात गोंड अल्पसंख्य झाला. प्रत्येक राज्यात त्याच्यापुढे वेगळी लिपी आणि वेगळी राजभाषा आली. इकडचा गोंड मराठी शिकला, तिकडचा तेलुगू, पलीकडचा हिंदी, आणि एकाच कुळातले सोयरे एकमेकांचे पत्र वाचू शकेनासे झाले.

बाबासाहेबांनी १९५५ साली भाषिक राज्यांवर जी पुस्तिका लिहिली तिच्यात एक इशारा आहे : भाषिक राज्यात त्या प्रदेशातल्या बहुसंख्य जातीच्या हाती सत्ता जाते आणि लहान समूह तिच्या दयेवर राहतात. हा इशारा त्यांनी अस्पृश्यांच्या संदर्भात दिला होता. गोंडांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरला. त्याच पुस्तिकेत त्यांनी राज्यकारभाराची भाषा हिंदी असावी असेही सुचवले आहे. आपले लोक पहिले वाक्य उद्धृत करतात आणि दुसऱ्याला वळसा घालतात. देश फाळणीतून नुकताच बाहेर आला होता, प्रादेशिक फुटीची भीती त्यांना खरी वाटत होती, हे लक्षात घेऊनही मला त्यांचे हे दुसरे मत पटत नाही. त्यांच्याच पहिल्या इशाऱ्याचा तर्क पुढे नेला, तर एका मोठ्या भाषेच्या छायेत लहान भाषांचे काय होते हाही प्रश्न विचारावाच लागतो.

गोंडीतून शिक्षण देणे अशक्य आहे, हे मी नोकरीभर ऐकले. शब्द नाहीत, पुस्तके नाहीत, शिक्षक नाहीत. ऐकणाऱ्यांना ठाऊक नसते की ते एकदा घडलेले आहे, तेही निजामाच्या राज्यात. १९४० साली आदिलाबादच्या डोंगरात जोडेघाट येथे कोमराम भीम मारला गेला. त्या उठावामागे जमिनीची लूट होती. उठावाची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले. त्याच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलावाई या गावी गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आधी अक्षरही न आलेल्या गोंड तरुणांना लिहायला-वाचायला शिकवून त्यांनाच शिक्षक केले गेले आणि गोंडीतली वाचनमाला छापली गेली. लिपी कोणती, तर देवनागरी. कारण त्या डोंगरातल्या गोंडांची बाजारातली भाषा मराठी होती. पुढे हैदराबाद विलीन झाले, १९५६ मध्ये आदिलाबाद आंध्रात गेला आणि शाळा तेलुगू झाल्या. हायमेनडॉर्फने नंतरच्या पुस्तकात त्याची हळहळ नोंदवली आहे. एका परक्या माणसाने आणि एका सरंजामी राजवटीने जे तीन-चार वर्षांत उभे केले ते लोकशाही सरकारांनी मोडू दिले, हे लिहिताना मला बरे वाटत नाही. आंध्रानेच पुढे २००४ नंतर गोंडी, कोया, कोलामी अशा आठ आदिवासी भाषांतून प्राथमिक वर्गांसाठी पुस्तके तयार केली. पण मधली पन्नास वर्षे गेली ती गेलीच.

कायदा काय म्हणतो? १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ सांगते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी सोय करण्याचा राज्याने प्रयत्न करावा. २००९चा शिक्षणहक्क कायदा सांगतो, माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे. २०२०चे शैक्षणिक धोरणही जिथे शक्य असेल तिथे असेच म्हणते. ‘प्रयत्न’, ‘शक्यतोवर’, ‘जिथे शक्य असेल तिथे’. शक्य आहे की नाही हे ठरवणारा अधिकारी गोंडी बोलत नाही.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली हे ‘शक्य’ आपल्या हाताने करून पाहिले. गावाने स्वतःची शाळा काढली, माध्यम गोंडी. शासनाने तिला अनधिकृत ठरवून नोटीस दिली. कायद्याच्या अक्षराप्रमाणे पाहिले तर मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, हे बरोबर. पण मातृभाषेत शिकवावे असे सांगणारे कलम मोडले म्हणून आजवर कोणत्या शाळेला नोटीस गेली?

भाषा मरते कशी, याबद्दल एक गैरसमज आहे. भाषा म्हाताऱ्या होऊन मरतात, काळाच्या ओघात जातात, असे बोलले जाते. मी जे पाहिले ते असे नव्हते. आठवडी बाजारात काट्यावरचा माणूस गोंडी बोलत नाही. तलाठी, वनरक्षक, ठाणेदार बोलत नाहीत. दवाखान्यात नर्सबाईला पोटदुखी गोंडीत सांगितली तर ती ओरडते. जिथे जिथे सत्ता किंवा पैसा आहे तिथे तिथे भाषेला उंबऱ्याबाहेर चपलेसारखे काढून ठेवावे लागते. मग बाप ठरवतो की पोराची ही वेळ चुकवावी आणि घरात मराठी बोलू लागतो. त्याचे मराठी मोडके, म्हणून पोराला धड मराठी मिळत नाही आणि गोंडी तर जातेच. बाई घरात आणि रानात असते, म्हणून तिच्या तोंडी भाषा एक पिढी जास्त टिकते. गोंड जमातीची लोकसंख्या एक कोटीहून अधिक आहे आणि गोंडी सांगणारे तीस लाख. मधल्या लोकांनी भाषा हौसेने टाकलेली नाही.

गंमत पाहा. नागपूर वसवणारा देवगडचा बख्त बुलंद गोंड राजा होता. भूगर्भशास्त्रज्ञ कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या महाखंडाला ‘गोंडवाना’ म्हणतात. जगभरच्या शाळांत ते नाव शिकवतात. गडचिरोलीच्या विद्यापीठालाही २०११ साली तेच नाव मिळाले. चांगले झाले. पण गोंडांच्या नावाला इतका मान असताना त्यांची भाषा बोलणाऱ्या पोराला वर्गात मार का बसतो, हे काही त्या नावावरून उलगडत नाही.

आता पुनरुज्जीवनाच्या प्रयत्नांविषयी. ते गोंडांनीच सुरू केले. बालाघाटकडचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी एक लिपी तयार केली. आदिलाबादच्या गुंजाला गावात दुसऱ्याच, जुन्या लिपीतली हस्तलिखिते मिळाली. या दोन्ही लिपी २०१७ आणि २०१८ मध्ये संगणकाच्या युनिकोड व्यवस्थेत आल्या. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी बँकेत नोकरी करीत आयुष्यभर गोंडी भाषा आणि कोया पुनेम यांवर लिहिले. २०१५ साली ते गेले. विद्यापीठाबाहेरच्या या माणसाच्या कामाची बरोबरी विद्यापीठांनी केली नाही, असे माझे मत आहे.

प्रमाण गोंडीचा प्रश्न मात्र अवघड आहे आणि तो भावनेने सुटणारा नाही. गोंडी प्रदेशागणिक बदलते. मिठाचे उदाहरण घ्या. पश्चिमेकडचा गोंड ‘सोवर’ म्हणतो. दक्षिणेकडे तेच ‘होवर’ होते. माडिया डोंगरात पुढचा ‘ह’ही गळतो आणि ‘ओवर’ राहते. ‘स’चा ‘ह’ आणि ‘ह’चा लोप, हा बदल असाच अनेक शब्दांत दिसतो, म्हणून भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती एकच भाषा आहे. पण मंडल्याचा माणूस भामरागडच्या माणसाशी बोलायला बसला तर अडखळतो आणि दोघे हिंदीवर येतात. पाठ्यपुस्तकात कोणते मीठ छापायचे? २०१४ पासून निरनिराळ्या राज्यांतल्या गोंडी भाषिकांनी एकत्र बसून सामाईक शब्दकोशाचे काम केले आणि २०१८ मध्ये हंपीच्या कन्नड विद्यापीठाकडून तो कोश निघाला. सुमारे तीन हजार शब्द. एका भाषेला हे थोडेच. पण राज्यांच्या सीमा ओलांडून गोंड एका सतरंजीवर बसले, हे मला त्या शब्दांपेक्षा मोठे वाटते.

इथे मी एक सावधगिरी सुचवतो, गोंड मित्रांनी राग मानू नये. मराठीची प्रमाणभाषा पुण्याच्या एका जातीच्या उच्चारावर बेतली गेली आणि उरलेल्या महाराष्ट्राला शंभर वर्षे ‘अशुद्ध’ ठरवण्यात आले. गोंडीचे प्रमाणीकरण करताना शिकलेल्या, शहरात गेलेल्या, राजगोंड घराण्यातल्या गोंडीला ‘शुद्ध’ आणि माडियाच्या गोंडीला ‘अडाणी’ ठरवले गेले, तर एक ‘ण’ जाऊन दुसरा येईल. पहिल्या दोन वर्गांत तरी ज्या गावचे जे मीठ तेच पुस्तकात असावे. लिपीबाबतही तसेच. मसराम लिपी की गुंजाला, देवनागरी की तेलुगू, या वादात चांगले कार्यकर्ते एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. स्वतःची लिपी ही अस्मितेची खूण आहे. संथालांनी पंडित रघुनाथ मुर्मूंच्या १९२५ सालच्या ओल चिकीभोवती केवढे बळ उभे केले, ते डोळ्यांसमोर आहे. तरीही सात वर्षांच्या मुलाला आज उद्याच्या उद्या पुस्तक हवे असेल, तर त्याच्या शिक्षकाला जी लिपी येते तीत ते छापावे. मारलावाईने तेच केले होते. मनाने मी संथालांच्या बाजूचा आहे, पण शिक्षक म्हणून मला फळा दिसतो.

दलित साहित्याच्या चळवळीने या प्रश्नाकडे कसे पाहावे? आमच्या लेखकांनी वस्तीची भाषा छापखान्यात नेली. ‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘उपरा’ १९८० साली. तेव्हा शुद्धतेच्या राखणदारांनी नाके मुरडली आणि नंतर त्यांनाच ती पुस्तके अभ्यासक्रमाला लावावी लागली. हा विजय खरा आहे. पण आमची तक्रार ‘आमचे मराठी हेही मराठीच’ अशी होती. गोंडाची, भिल्लाची, कोरकूची तक्रार वेगळी आहे. त्याला मराठीत वाढीव जागा नको, मराठीच्या शेजारी स्वतःची जागा हवी आहे. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’मधल्या (१९८७) भिली कविता किंवा भुजंग मेश्राम यांच्या ‘उलगुलान’मध्ये (१९९०) मराठीच्या मध्येच उभे राहणारे गोंडी शब्द, हे या जागेचे दावे होते. आम्ही त्यांना व्यासपीठावर बोलावले, टाळ्या वाजवल्या आणि ‘दलित-आदिवासी’ असा जोडशब्द करून मोकळे झालो. त्या जोडशब्दातल्या आडव्या रेघेनंतर येणाऱ्या माणसाची भाषा आमच्यापैकी किती जण शिकले? तीस वर्षे राहून मी कामापुरती शिकलो. तीही त्या आजीच्या घरी पेज पीत, आणि ती मला हसत असे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्याच दिवशी पालीलाही मिळाला. बौद्ध म्हणून मला पालीचा आनंद झाला. पण या दर्जाची अट काय, तर दीड-दोन हजार वर्षांचा लिखित पुरावा. म्हणजे ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांचीच भाषा जुनी. गोंडांनी पारी कुपार लिंगोची कथा रात्ररात्र गाऊन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तिला शिलालेख नाही. राष्ट्रीय संस्कृतीचे माप असे लिहिलेल्यावर घेतले, तर या देशातली निम्मी स्मृती मापात येणारच नाही.

शेवटी त्या रकान्याविषयी, ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो. जनगणना आपण शिक्षकच करतो. १९९१च्या फेब्रुवारीत मला शेजारच्या दोन गावांचे काम होते. व्यक्तीच्या चिठ्ठीवर ‘मातृभाषा’ असा रकाना होता. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे बालपणी आई जी बोलली ती. आणि सांगणारा जे सांगेल ते लिहायचे, अशी सूचना होती. मी दारात उभा राहून मराठीत प्रश्न विचारले. लोकांनी मराठीत उत्तरे दिली, कारण मला तीच कळत होती. संध्याकाळ होत आली होती. पहिल्या काही घरांत विचारले, पुढे विचारणे सोडून दिले आणि घरामागून घर ‘मराठी’ लिहीत गेलो. किती जणांची मातृभाषा मी त्या दोन दिवसांत बदलली, ते मोजले तर तीनशेच्या आसपास निघतील. मी एकटाच असे करणारा होतो, असे मला वाटत नाही. म्हणजे वर दिलेला २९ लाख ८४ हजारांचा आकडाही माझ्यासारख्यांच्या हातून आलेला आहे.

१९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी भाषिक असलेल्या भाषेचे नाव प्रसिद्ध यादीत स्वतंत्रपणे येत नाही. बुलढाण्याकडची निहाली कुठल्याच भाषाकुळात बसत नाही. तिचे दोन-अडीच हजार लोक आहेत, म्हणून त्या यादीत ती नाही. गोंडी एवढी लहान नाही. पण माडिया, मुरिया, दोरली अशी वेगवेगळी नावे सांगितली जातात आणि ती गोंडीत धरायची की नाही हे वर बसलेला ठरवतो.

२०२१ची जनगणना झाली नाही. आता तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. त्या वेळी गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड, गोंदिया, भंडारा या भागांत जे विद्यार्थी आणि कार्यकर्ते असतील, त्यांना माझी विनंती आहे. मोजणीच्या आधी गावागावांत जाऊन एवढेच सांगा, की गुरुजी दारात आले आणि त्यांनी विचारले नाही, तरी आपण होऊन सांगायचे : आमची भाषा गोंडी. घरात मराठी बोलत असाल तरी आई काय बोलायची ते सांगा. गुरुजींनी काय लिहिले ते विचारा. आणि जे शिक्षक हे काम करणार आहेत, त्यांनी निदान चार शब्द शिकून जावे. घर म्हणजे ‘लोन’, गाव म्हणजे ‘नार’, आणि दारात गेल्यावर ‘सेवा जोहार’ म्हणावे. उन्हातून आलात म्हणून आतून तांब्या येईल, त्याला काय म्हणतात ते मी वर लिहिलेच आहे.